‘हीट अँड मास ट्रान्सफर’ची सकाळची शिकवणी : कोल्हापुरातील एका क्लासचा लेखाजोखा

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला ‘हीट अँड मास ट्रान्सफर’ (उष्णता आणि पदार्थ एकीकडून दुसरीकडे कसे जातात) हा विषय माझा पहिल्या प्रयत्नात राहिला. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या माझ्यासारख्यांचे गणित आधीच कच्चे असते. त्यात प्रारणाच्या, म्हणजे किरणांनी जाणाऱ्या उष्णतेच्या, उदाहरणात तापमान केल्विनमध्ये न घेता अंश सेल्सियसमध्येच चौथ्या घातापर्यंत चढवण्याचा पराक्रम मी केला होता, त्यामुळे पेपर तपासणाऱ्याकडे बोट दाखवण्याचीही सोय नव्हती. पुढच्या सत्रात या एका विषयापुरती शिकवणी लावायची असे घरी ठरले आणि राजारामपुरीतील ज्या क्लासला मी गेलो, त्याविषयी हे लिहीत आहे. क्लासला पाटी नाही. एका औषध दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत आणि मुलांमध्ये तो ‘हीट ट्रान्सफरच्या सरांचा क्लास’ एवढ्याच नावाने चालतो.

व्यवहाराचे आधी सांगून टाकतो. फी 7,000 रुपये, दोन हप्त्यांत. आठवड्यातून चार दिवस सकाळी साडेसहा ते आठ. ठरलेल्या 30 बैठकांपैकी 27 झाल्या. उरलेल्या तीन ‘परीक्षेआधी उजळणीला घेऊ’ या आश्वासनात विरल्या. एका तुकडीत 22 मुले होती, म्हणजे शेवटच्या बाकावरच्यालाही फळा दिसत होता. गाड्या लावायला जागा नाही आणि खालच्या दुकानदाराशी रोज थोडी बोलाचाली होते.

आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर फुकट पाहायला मिळत असताना सात हजार रुपये कशासाठी मोजायचे, हा प्रश्न वडिलांनी विचारला होता आणि तो रास्त होता. ती व्याख्याने मी पाहिली होती. ती उत्तम आहेत. अडचण माझ्या बाजूने होती. पडद्यावर सोडवलेले उदाहरण पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि कोऱ्या कागदापुढे बसले की पहिली ओळ सुचत नाही. हा क्लास नेमका त्या पहिल्या ओळीवर काम करतो, हे त्याचे सर्वांत मोठे बळ आहे.

पहिल्या तीन बैठकांत सरांनी एकही सूत्र लिहिले नाही. उदाहरण वाचायचे आणि आकृती काढून तीन गोष्टी सांगायच्या, एवढेच. सरांच्या शब्दांत, “उष्णता कुठनं निघाली, कुठं चाललीया आणि वाटेत आडवं कोण येतंय, ते आधी सांग. कॅल्क्युलेटर मागनं.” आडवे येणाऱ्याला पुस्तकात औष्णिक रोध म्हणतात. शिरोलीच्या एमआयडीसीतील एखाद्या शेडचा पत्रा त्यांनी उदाहरणाला घेतला. पत्र्याची जाडी अर्धा मिलिमीटर आणि पोलादाची उष्णतावाहकता साधारण 50 वॅट प्रति मीटर-केल्विन धरली, तर पत्र्याचा रोध येतो 0.00001. पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या हवेच्या थराचा संक्रमण गुणांक (उष्णता पत्र्यातून हवेत किती सहज जाते, त्याचे माप) 10 धरला, तर त्या थराचा रोध 0.1. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या पत्र्यापेक्षा न दिसणारी हवा दहा हजार पटींनी आडवी येते. पत्रा दुप्पट जाड केला तर शेड किती थंड होईल, या प्रश्नावर वर्गातील निम्म्याहून जास्त मुलांनी ‘बरीच’ असे उत्तर दिले होते. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर कोणी काही बोलले नाही. त्यानंतर मात्र प्रत्येक उदाहरणात मोठा रोध कोणता हे आधी शोधायची सवय लागली आणि ती आजही टिकून आहे.

वहनाचा, म्हणजे घन पदार्थातून जाणाऱ्या उष्णतेचा, भाग याच पद्धतीने, घाई न करता शिकवला गेला. वायरीवर किंवा नळीवर आवरण चढवल्याने उष्णता कमी जाण्याऐवजी काही वेळा जास्त जाते, ही क्रांतिक त्रिज्येची गोष्ट मुले पाठ करतात आणि परीक्षेत उलटी लिहितात. सरांनी ती दोन आकड्यांत निकालात काढली. क्रांतिक त्रिज्या म्हणजे आवरणाची वाहकता भागिले बाहेरच्या हवेचा गुणांक. विजेच्या वायरीवरील प्लॅस्टिकची वाहकता 0.15 धरली, तर 10 या गुणांकाला ही त्रिज्या येते 15 मिलिमीटर. बारीक वायर त्यापेक्षा कितीतरी लहान, म्हणून प्लॅस्टिक चढवल्याने ती अधिक चांगली थंड होते. ग्लासवूलची वाहकता 0.04, म्हणजे त्रिज्या 4 मिलिमीटर. बॉयलरची वाफ नेणारी कोणतीही नळी त्याहून जाड असते, त्यामुळे तिथे ग्लासवूल बिनघोर गुंडाळावे. एवढे समजल्यावर सूत्र पाठ करायची गरजच उरली नाही.

कोल्हापूरची ओळख ओतकामाची असल्याने या शहरात हा विषय शिकवणाऱ्याच्या हाताशी उदाहरणे आयती असतात आणि सर ती वाया घालवत नाहीत. साच्यात ओतलेला रस गोठायला किती वेळ लागेल, याचा च्वोरिनॉव्हचा 1940 चा नियम आमच्या अभ्यासक्रमात या विषयाखाली येत नाही, तरी त्यांनी तो घेतला. घनफळ भागिले पृष्ठफळ, त्याचा वर्ग. गोठण्याचा वेळ त्या प्रमाणात. रायझर, म्हणजे आकसणाऱ्या कास्टिंगला रस पुरवणारा जोडसाठा, कास्टिंगच्या नंतर गोठला पाहिजे, नाहीतर आकुंचनाची पोकळी कास्टिंगमध्येच राहते, हे फाउंड्रीत काम केलेल्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते. तो अनुभव बायो अंकाशी (वस्तूच्या आतला रोध बाहेरच्या रोधाच्या किती पट, ते सांगणारा अंक) कसा जोडता येतो आणि वाळूच्या साच्यात मोठा रोध वाळूचा असतो, धातूचा का नसतो, यावर पाऊण तास चर्चा झाली. माझे मामा गोकुळ शिरगावात एका फाउंड्रीत पॅटर्नचे काम पाहतात. त्या रात्री मी त्यांना हे समजावायला गेलो आणि शेवटी त्यांनीच मला अर्धा तास समजावले.

अभिसरणाचा, म्हणजे वाहत्या हवा-पाण्याबरोबर जाणाऱ्या उष्णतेचा, भाग मात्र या उंचीला पोहोचत नाही. तिथे क्लास इतर कुठल्याही क्लाससारखा होतो. सूत्रांची झेरॉक्स हातात पडते आणि ‘रेनॉल्ड्स काढा, प्रांट्ल बघा, सूत्र निवडा’ असा रतीब सुरू होतो. (रेनॉल्ड्स हा प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा अंक, प्रांट्ल हा प्रवाहीच्या गुणधर्मांचा अंक.) सपाट पट्टीवरील सीमास्तर, म्हणजे पृष्ठभागालगत मंदावलेला प्रवाहाचा थर, कसा वाढतो, त्याचे चित्र एकदाच काढले गेले. गुणधर्म कोणत्या तापमानाला घ्यायचे, हा मुलांचा नेहमीचा घोळ आहे. बाहेरून वाहणाऱ्या प्रवाहासाठी भिंत आणि प्रवाह यांच्या सरासरीचे तापमान, तर नळीतील प्रवाहासाठी द्रवाचे स्वतःचे सरासरी तापमान. सरांनी हे सांगितले, पण का, ते सांगितले नाही. पहिल्या बैठकांत ज्या ‘का’साठी आम्ही खुर्चीत पुढे सरकून बसत होतो, तो इथे अचानक हरवला.

शिवाय या भागाच्या छापील टिपणांत एक चूक आहे आणि ती गुण घालवणारी आहे. नळीतील प्रक्षुब्ध (खळबळत्या) प्रवाहासाठीच्या डिट्टस-बोल्टर सूत्रात 0.023 गुणिले रेनॉल्ड्सचा 0.8 वा घात गुणिले प्रांट्लचा घात असे येते. प्रवाही तापत असेल तर प्रांट्लचा घातांक 0.4 आणि थंड होत असेल तर 0.3. टिपणांत हे दोन्ही उलटे छापले आहेत. पाण्याच्या उदाहरणात या चुकीने उत्तर दहा-वीस टक्क्यांनी हलते, आणि तेलाचा प्रांट्ल अंक शेकड्यांत असल्याने तिथे ते दीडपटीहून जास्त बिघडते. मी दाखवल्यावर सरांनी लगेच मान्य केले, माझ्या प्रतीवर स्वतःच्या पेनाने दुरुस्ती केली आणि ‘पुढच्या छपाईला बदलू’ म्हणाले. दोन महिन्यांनी आलेल्या मुलाच्या हातात तीच जुनी झेरॉक्स होती.

हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या, चार बैठका चांगल्या झाल्या. त्यातले एक उदाहरण सांगतो. गरम पाणी 90 वरून 60 अंशांवर येते आणि गार पाणी 30 वरून 60 वर जाते. प्रवाह उलट दिशांनी असतील तर दोन्ही टोकांना फरक 30 अंशांचाच राहतो. दोन टोकांच्या फरकांची सरासरी काढायचे लॉगचे सूत्र वापरले तर शून्य भागिले शून्य येते आणि मुले घाबरून पुढचे उदाहरण धरतात. खरे तर दोन्हीकडे फरक 30 असेल तर सरासरीही 30 च, यासाठी लॉग कशाला हवा? हेच प्रवाह एका दिशेने सोडले तर शेवटच्या टोकाला फरक शून्य होतो आणि लागणारे क्षेत्रफळ अनंत येते, म्हणजे असे यंत्र बांधताच येत नाही. एकाच आकड्यांवर दोन्ही गोष्टी दाखवल्याने उलट प्रवाहाचा फायदा वेगळा पाठ करावा लागला नाही. गेट या अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांना अशा प्रश्नांचा उपयोग अधिक होईल.

प्रारणाला माझे स्वतःचे दुखणे होते, म्हणून त्या दिवशी मी पुढच्या बाकावर बसलो. सरांनी फळ्यावर दोन तापमाने लिहिली : 700 अंश आणि 1400 अंश सेल्सियस. दुसरे पहिल्याच्या दुप्पट, मग काळ्या पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता किती पट? चौथा घात म्हणून सोळा पट, असे उत्तर एका सुरात आले. केल्विनमध्ये ही तापमाने 973 आणि 1673 होतात, त्यामुळे प्रत्यक्षात उत्तर पावणेनऊ पटींच्या आसपास येते. प्रति चौरस मीटर सुमारे 51 किलोवॅटवरून 444 किलोवॅट. मी परीक्षेत नेमके सोळा पटींचेच पाप केले होते. वितळलेला धातू नेणाऱ्या लॅडलसमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या तोंडाला धग का लागते, याचा आकडा पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आला.

डिसेंबरमध्ये एका रविवारी सर आम्हाला करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर घेऊन गेले. यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. गाडीचे पेट्रोल ज्याचे त्याने घातले. या क्लासविषयी मी कोणाला एकच गोष्ट सांगायची ठरवली तर ही सहल सांगेन. चुलाणात चिपाड सारले जात होते, काहिलीतला रस पिवळट फेस टाकत उकळत होता आणि गुळव्या मळी काढत होता. सरांनी इन्फ्रारेड थर्मामीटर काढला आणि काहिलीच्या घासून चकचकीत झालेल्या काठावर रोखला. आकडा आला 55. शेजारीच उकळता रस असताना काठ 55 अंशांवर कसा, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी चुलाणाच्या तोंडाशी हात घालून थोडी काजळी बोटावर घेतली, काठाच्या त्याच जागी रुपयाएवढा ठिपका लावला, मिनिटभर थांबून पुन्हा रोखला. आता आकडा 94. चकचकीत धातू स्वतः फार थोडे प्रारण सोडतो आणि भोवतालचेच परावर्तित करतो, त्यामुळे ते उपकरण फसते; काजळी जवळजवळ सगळे खरे सांगते. उत्सर्जकता हा शब्द मी दोन वर्षे लिहीत होतो, तो त्या ठिपक्यात पहिल्यांदा दिसला. गुळव्याने मात्र काठ काळा केल्याबद्दल सरांना दोन शब्द सुनावले आणि फडक्याने पुसून घेतला.

तिथेच बांधावर बसून उष्णतेचा हिशेब मांडला. हजार किलो रसात विरघळलेला माल 20 टक्के धरला, तर गूळ होईपर्यंत सुमारे 790 किलो पाणी उडवावे लागते. एक किलो पाण्याची वाफ करायला 2,257 किलोज्यूल, म्हणजे त्यासाठीच जवळपास 1,780 मेगाज्यूल. रस उकळीला आणायचे आणखी 260-270. एकूण दोन हजारांच्या थोडे वर. वाळलेल्या चिपाडाचा उष्मांक किलोला 15 मेगाज्यूल धरला, तर कागदावर 140 किलोच्या आत काम व्हायला हवे. चुलाणावरच्या माणसाला सरांनी विचारले तर तो हसला आणि ‘याच्या दुपटीत तरी भागवून दाखवा’ म्हणाला. उरलेली उष्णता धुराड्यातून, चुलाणाच्या भिंतींतून आणि चिपाडातल्या ओलाव्यातून कशी जाते, त्याची यादी आम्ही परतीच्या वाटेवर केली. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे याचा आपल्याला अभिमान असतो, पण तो गूळ शिजताना किती जळण हवेत जाते, हे मी तरी तोवर कधी मोजले नव्हते.

आता मुख्य तक्रार. विषयाच्या नावात ‘मास ट्रान्सफर’ आहे, आणि या क्लासने त्याला दोन बैठका दिल्या. त्यातली पहिली बैठक फार सुंदर होती, म्हणूनच तक्रार अधिक आहे. सरांनी टेबलावर स्टीलच्या दोन सारख्या वाट्या ठेवल्या, दोन्हींत पाव लिटर गरम पाणी घातले आणि एका वाटीत वरून चमचाभर तेल सोडले. दोन्हींत थर्मामीटर, सुरुवात 85 अंशांना. पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याचे तापमान 59 होते आणि तेलाच्या वाटीचे 69. मग सर म्हणाले, “तांबड्या रश्श्यावर कट कशाला असतो, कळलं का?” कटाच्या चवीवर वाद घालणाऱ्या या गावात त्याच्या औष्णिक कामगिरीवर कोणी बोलताना मी ऐकले नव्हते. गरम पाण्याची वाटी हवेला जी उष्णता देते, तिच्यातला मोठा वाटा उडणारी वाफ नेत असते. तेलाचा पातळ थर ती वाट बंद करतो. त्या पंधरा मिनिटांत वर्गातला एकही मोबाईल बाहेर आला नाही.

इथून पुढे जे व्हायला हवे होते ते झाले नाही. सरांचे म्हणणे असे, की फूर्येने 1822 साली उष्णतावहनाचे गणित मांडले आणि फिकने 1855 साली विसरणाचा (पदार्थ पसरण्याचा) नियम त्याच धर्तीवर बांधला, तेव्हा तापमानाच्या जागी संहती (पदार्थाचे प्रमाण) लिहा, वाहकतेच्या जागी विसरणांक लिहा, झाले. समीकरणाच्या आकारापुरते ते बरोबर आहे. पण जिथे हे साम्य तुटते तिथेच मुले पडतात, आणि ते क्लासमध्ये आले नाही. दोन पदार्थ जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर तापमान दोन्ही बाजूंना एकच असते. संहतीचे तसे नसते. वाटीतल्या पृष्ठभागाखाली जवळजवळ सगळे पाणीच असते, पण त्याला चिकटून असलेल्या हवेत वाफ किती, हे त्या तापमानाचा संपृक्त दाब ठरवतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे; इथल्या हवेच्या दाबाला 80 अंशांवर त्या थरात निम्मी हवा आणि निम्मी वाफ असते, तर 30 अंशांवर वाफ शंभरात चार-पाच भाग एवढीच. गरम रस्सा सुरुवातीला भराभर निवतो आणि नंतर रेंगाळतो, त्याचे मोठे कारण हेच.

दुसरा मुद्दा गुऱ्हाळाचा. काहिलीतला रस उकळत असताना वाफ किती वेगाने होणार, हे खालून मिळणाऱ्या उष्णतेवर ठरते. हवेतले विसरण तिथे आडवे येत नाही. वाटीतल्या पाण्याला उकळी नसते, तिथे वाफ हवेतून बाहेर पडायला किती अडथळा आहे, तेच निर्णायक असते. म्हणजे सरांच्याच पहिल्या दिवसाच्या भाषेत, वाटेत आडवे येणारे दोन ठिकाणी वेगळे आहे. काहील आणि वाटी, दोन्ही आम्ही डोळ्यांनी पाहिल्या होत्या. दोन्ही एकाच फळ्यावर शेजारी मांडायला आणखी एक बैठक पुरली असती, आणि न झालेल्या तीन बैठका तर हिशेबात शिल्लक होत्याच. मी हे शेवटच्या आठवड्यात विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “पेपरला एवढं खोल येत नाही.” पेपरला येत नसलेला रायझर पाऊण तास शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडी हे उत्तर शोभले नाही, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. हा भाग मी नंतर एनपीटीईएलवरून आणि वाट्या घेऊन घरच्या ओट्यावर पुरा केला. आईने तेलाच्या हिशेबाबद्दल विचारले, ते वेगळे.

वह्या तपासण्याबद्दल मात्र पूर्ण गुण द्यायला हवेत. दर शनिवारी चार उदाहरणे घरी दिली जात आणि मंगळवारी वही परत येई, ती नुसत्या बरोबर-चूकच्या खुणा घेऊन नव्हे. माझ्या एका उत्तराखाली सरांनी लिहिले होते, ‘उत्तर 4,200 अंश. वाटी वितळली असती. उत्तर लिहिण्याआधी एकदा त्याच्याकडे बघत जा.’ डेटा बुक हाताळण्याचा सरावही इथेच झाला. परीक्षेत ते जवळ ठेवू देतात, पण ज्याने आधी पाने चाळलेली नाहीत त्याचा वेळ त्यातच जातो.

दुसऱ्या प्रयत्नात मला शंभरापैकी 66 गुण मिळाले. ज्याचे वहनाचे आणि प्रारणाचे पायाभूत गणित कच्चे आहे, त्याने या क्लासला डोळे झाकून जावे. ज्याला फक्त अभिसरणात अडचण आहे, त्याने सात हजार खर्च करण्याआधी एखाद्या मित्राची वही पाहावी. ज्यांना मास ट्रान्सफर नीट समजून घ्यायचे आहे, त्यांना दुसरीकडे पाहावे लागेल. नवी तुकडी ज्या महिन्यात गुऱ्हाळे चालू असतात त्या सुमारास पकडली तर सहल चुकणार नाही. पावसाळ्यातल्या तुकडीला ती मिळत नाही, फी मात्र तेवढीच असते. आणि झेरॉक्स हातात पडल्यावर पहिल्याच दिवशी अकराव्या पानावर पेन चालवावा : तापत असेल तर 0.4, थंड होत असेल तर 0.3.